अठरा हॉर्सपॉवर आणि सात पाटे

हॉर्सपॉवर हा प्रश्न बहुमताने सुटत नाही, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. त्याआधी या विषयाशी माझा काहीही संबंध नव्हता आणि त्यात मी आणि तो विषय, दोघंही सुखी होतो.

आमची सोसायटी कोथरूडला. तीन इमारती, चाळीस बिऱ्हाडं आणि मधल्या मोकळ्या जागेत तीन थोराड झाडं. त्या उन्हाळ्यात रीतसर परवानगी काढून आम्ही झाडांची छाटणी करून घेतली. छाटणीवाल्यांनी दिवसभर फांद्या पाडल्या आणि संध्याकाळी ते दोर गुंडाळून निघाले. मी विचारलं, "आणि या फांद्या?"

"पाडायचं आमच्याकडं. उचलायचं तुमच्याकडं," मुकादम म्हणाला आणि गेला.

कचऱ्याच्या गाडीवाल्याला बोलावलं. त्याने ढिगाकडे बघून एकच प्रश्न केला, "ओला का सुका?"

"आज ओला आहे. तुम्ही नेईपर्यंत सुका होईल."

पुण्यात असं बोलून झालं की फार बरं वाटतं. काम तेवढं होत नाही. ढीग सहा आठवडे तिथेच पडून राहिला. त्यात एका मांजरीने पिल्लं घातली. ती मोठी होऊन आपापल्या उद्योगाला लागली, तरी ढीग होता तिथेच.

मी सोसायटीचा चिटणीस. त्याआधी एका कॉलेजात तेहतीस वर्षं ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला सगळं माहीत असतं, असा एक समज आहे. खरं तर त्याला फक्त ते कुठल्या कपाटात आहे एवढंच माहीत असतं. हा फरक मी कधी कुणाला समजावून सांगितला नाही. त्यामुळे कमिटीच्या बैठकीत मी जेव्हा म्हणालो, की फांद्या आत घालून बारीक तुकडे बाहेर फेकणारं चिपर नावाचं एक यंत्र असतं, ते ट्रॅक्टरच्या मागे जोडतात आणि ते तुकडे बागेत पसरता येतात, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या.

"यंत्र भाड्याने मिळेल," अध्यक्ष करमरकर म्हणाले. "पण ट्रॅक्टर?"

"ट्रॅक्टर घरचा आहे," मी म्हणालो. कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने हे वाक्य उच्चारलं की बैठकीत एक वेगळीच शांतता पसरते. ती मी पुरेशी उपभोगली.

ट्रॅक्टर माझ्या मेहुण्यांचा. दत्तोबा हे शालिनीचे, म्हणजे माझ्या पत्नीचे, थोरले भाऊ. त्यांचं गाव मुळशीच्या रस्त्याला. आता ते महापालिकेत आलं आहे, म्हणजे रस्त्यावर दिवे आले आहेत आणि शेतात इमारती. दत्तोबांकडे दोन एकर तेवढी उरली. त्यात ते मेथी, कोथिंबीर, पालक करतात आणि वाफ्यांतून फिरायला त्यांनी एक लहानसा ट्रॅक्टर घेतला आहे. त्याच्या शेजारी गावातले बाकीचे ट्रॅक्टर उभे राहिले की हा त्यांच्याबरोबर आलेला वाटतो.

दत्तोबांचा मुलगा प्रशांत याला ती दोन एकर बिल्डरला द्यायची होती. बापलेकांत वर्षभर धुसफूस चालली होती. शेवटी एक दिवस प्रशांत म्हणाला, "आबा, हे तुमचं खेळणं हाय. ह्याला बाहेरचं एक काम मिळवून दाखवा. ते नीट झालं, तर मी जमिनीचं नाव काढणार न्हाई. बिघडलं, तर बिल्डरला मी घरी आणनार आन् तुम्ही सही करायची."

दत्तोबा कबूल झाले. दोन महिने झाले तरी बाहेरचं काम मिळालं नव्हतं. आणि तेवढ्यात माझा फोन गेला.

मी काम काय आहे ते सांगितलं. मग दत्तोबा म्हणाले, "दाजी, कवा आणू?"

शालिनी स्वयंपाकघरातून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती बाहेर आली. "दादाची जमीन आहे यात," ती म्हणाली. "नीट चौकशी करून करा. वाचून नका करू."

मी वाचायला बसलो. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, अठरा हॉर्सपॉवर. अवजारांच्या दुकानातून दोन चिपरची पत्रकं आणली होती. तीन इंचांपर्यंतच्या फांद्या खाणारं लहान यंत्र बारा हॉर्सपॉवरवर चालत होतं. पाच इंची खाणारं मोठं यंत्र मागत होतं अठरा. इकडे अठरा, तिकडे अठरा. दोन वेगळ्या कागदांवर एकच आकडा सापडला की ग्रंथपालाला जो आनंद होतो, तो इतरांना समजणार नाही.

हा प्रश्न सर्वसाधारण सभेपुढे गेला. (जाण्याची गरज नव्हती. पण आमच्या सोसायटीत जिन्यातला बल्बसुद्धा सूचक-अनुमोदकाशिवाय बदलत नाहीत.) लहान यंत्र की मोठं, यावर पाऊण तास चर्चा झाली. करमरकरांना उद्घाटनांचा सोस. पाण्याच्या टाकीला नवं झाकण बसवलं, तेव्हासुद्धा त्यांनी टाकीच्या काठावर नारळ फोडला होता (नारळाचं पाणी टाकीत गेलं आणि दोन दिवस सगळ्यांच्या चहाला कोकणी चव होती). त्यांनी मुद्दा मांडला, "लहान यंत्राचं उद्घाटन करायचं म्हणजे जरा कानकोंडं होतं. समोरची सोसायटी बघत असते."

मोठं यंत्र तेवीस विरुद्ध नऊ मतांनी संमत झालं. सभेतूनच दुकानदाराला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"ट्रॅक्टर किती एचपीचा?" दुकानदाराने विचारलं.

"अठरा," मी म्हणालो.

"इंजिनाला अठरा का पीटीओला?"

आता हे पीटीओ प्रकरण मला आज नीट माहीत आहे. ट्रॅक्टरच्या पाठीमागे एक दांडा फिरत असतो, अवजार त्यावर चालतं. इंजिनाची ताकद त्या दांड्यापर्यंत पोचता पोचता वाटेत थोडी सांडते. इंजिनाला अठरा असेल, तर मागे पंधरा उरते. पत्रकातले अठरा हे मागचे होते आणि पुस्तिकेतले पुढचे. पण त्या क्षणी बत्तीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि 'माहीत नाही' हे दोन शब्द मी तेहतीस वर्षांच्या नोकरीत वापरलेले नव्हते.

"दोन्हीकडे," मी म्हणालो.

"दोन्हीकडे अठरा?"

"अर्थात."

"मग न्या," दुकानदार म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता असं मला वाटलं. ते दुसरंच काहीतरी होतं.

तरीही शालिनीचं ऐकायचं म्हणून मी दत्तोबांना विचारलं.

"किती इंची फांदी खातंय म्हनला?"

"पाच इंची."

"तीन इंचीवालं न्हाई का मिळत?"

"मिळतं. पण सभेत पाच इंची ठरलंय."

"ठरलंय का. बरं."

"चालेल ना तुमच्या ट्रॅक्टरला?"

"तुम्ही म्हनताय तर चालंल की, दाजी."

हे मी तज्ज्ञाचं मत समजलो आणि तसं इतिवृत्ताच्या वहीत लिहूनही ठेवलं. माझ्या सासुरवाडीत जावयाला उलट बोलत नाहीत. तो म्हणाला आज अमावस्या आहे, तर समोरच्या चांदण्याकडे पाठ करून बसतात. हे मला लग्नापासून माहीत होतं. पण हा नियम यंत्रांनाही लागू असेल, हे काही डोक्यात आलं नाही.

रविवारी सकाळी दत्तोबा आले. ट्रॅक्टर धुऊन लख्ख केला होता, रेडिएटरपुढे झेंडूची माळ होती आणि स्वतः दत्तोबा लग्नाला निघाल्यासारखे इस्त्रीच्या कपड्यांत. चिपर आधीच येऊन फाटकात उतरला होता. फाटकात, कारण तिथून समोरच्या सोसायटीला दिसतं. करमरकरांनी कापडी फलक बांधला होता, खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रमुख पाहुणे म्हणून आपले व्याही साताऱ्याहून बोलावले होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची मोटार पार्किंगमध्ये सन्मानाने आत घेतली गेली.

यंत्र जोडलं. दत्तोबांनी ते उचलायला तरफ ओढली. यंत्र जागचं हललं नाही. ट्रॅक्टरची पुढची चाकं मात्र हळूच वर आली, आणि दत्तोबा हाताची घडी घालून आकाशाकडे बघत स्थिर झाले.

"हे असंच असतं का?" करमरकरांनी मला विचारलं.

"पुढे वजन हवं," मी म्हणालो. हे मी खरंच वाचलं होतं.

"तुम्ही म्हनताय तर लावू की," वरून आवाज आला.

वजन आणायचं कुठून? तेव्हा तळमजल्यावरच्या लिमयेबाई म्हणाल्या, "आमचा पाटा घ्या." आणि एक गुपित उघड झालं. मिक्सर आल्यापासून प्रत्येक घरात एक पाटा पडून आहे. तो वापरवत नाही आणि टाकवतही नाही. जिन्याखालून, कॉटखालून, गच्चीच्या कोपऱ्यातून सात पाटे निघाले आणि ट्रॅक्टरच्या नाकाशी दोरीने बांधले गेले.

"माझा वरच्या बाजूला ठेवा. नुकतेच टाके घालून घेतलेत," लिमयेबाई म्हणाल्या.

"नुकतेच म्हणजे?"

"आमच्या सासूबाई होत्या तेव्हा."

चाकं जमिनीला लागली. भाषणं झाली. व्याह्यांनी पर्यावरणावर पंचवीस मिनिटं सांगितलं. त्यात धरणांचा भाग मोठा होता. मग दत्तोबांनी यंत्र चालू केलं आणि व्याह्यांनी रिबीन बांधलेली एक बारीक फांदी आत सोडली. फर्रकन ती गिळली गेली. तुकडे बाहेर फेकणाऱ्या नळीचं तोंड कुठे वळवायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं (सभेपुढे तो विषयच आला नव्हता). ते खुर्च्यांकडे होतं. पुढच्याच क्षणी प्रमुख पाहुण्यांच्या डोक्यावर, चष्म्यावर आणि उघड्या तोंडात फांदी रिबिनीसकट परत आली. समोरच्या सोसायटीने टाळ्या वाजवल्या.

"आता मोठी घाला," करमरकर म्हणाले.

मोठी घातली. यंत्राने ती अर्धी गिळली, ट्रॅक्टरने एक खोल सुस्कारा सोडला आणि सगळं थांबलं.

"आधी फांदी काढू का, दाजी?" दत्तोबांनी हळूच विचारलं.

"कशाला? अर्धी तर गेलीच आहे. जोर द्या."

दत्तोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग शालिनीकडे पाहिलं, मग जोर दिला. काळा धूर निघाला, खट्‌ असा आवाज झाला आणि एक बोल्ट तुटून लिमयेबाईंच्या पायाशी पडला. त्या यंत्रात एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. ताण फार झाला की तो तुटतो आणि बाकीचं वाचतं. पत्रकाच्या शेवटच्या पानावर हे स्पष्ट लिहिलं होतं. मी शेवटचं पान राखून ठेवलं होतं.

"कसला हा बोल्ट," मी म्हणालो. घरी जाऊन माझ्या डब्यातला एक पोलादी बोल्ट आणला. "हा बसवा. हा जन्मात तुटायचा नाही."

दत्तोबांनी तो बोल्ट हातात घेऊन कितीतरी वेळ पाहिला. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची दोन एकर असणार. "तुम्ही म्हनताय तर..." ते म्हणाले आणि त्यांनी तो बसवला.

बोल्ट तुटला नाही, हे मला नमूद करायला हवं. ट्रॅक्टर थरथरला, पाटे एकमेकांवर आपटून घुमले, करपलेल्या दुधाला लाजवील असा वास सुटला. "लाकडाचा वास आहे," मी लोकांना सांगितलं. मग ट्रॅक्टरने प्राण सोडला. क्लच जळला होता. फाटकाच्या बरोबर मध्ये, मागे यंत्र, यंत्राच्या तोंडात फांदी, नाकाला सात पाटे आणि आत अडकलेल्या चाळीस बिऱ्हाडांच्या मोटारी. व्याही डोक्यातला भुसा झटकत रिक्षाने स्वारगेटला गेले. त्यांची मोटार आमच्याकडे पाहुणी राहिली.

शालिनी भावाजवळ गेली. "दादा, तुला हे होणार माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासनं?"

"दाजींनी पाच इंच म्हनल्यापासनं."

"मग बोलला का नाहीस?"

"चारचौघांत दाजींना कसं म्हनायचं, तुमचं चुकतंय म्हनून?" दत्तोबा म्हणाले आणि खाली बघत झेंडूच्या माळेत अडकलेला भुसा वेचू लागले.

तासाभराने प्रशांत मोठा ट्रॅक्टर घेऊन ओढायला आला. त्याने सगळं दृश्य शांतपणे पाहून घेतलं. पाट्यांपाशी तो जरा जास्त वेळ थांबला. मग म्हणाला, "आबा, उद्या बिल्डरला बोलावतो."

आता गप्प बसून चालणार नव्हतं. मी पुढे झालो. "प्रशांत, चूक माझी आहे. यंत्र मी चुकीचं निवडलं."

"न्हाई न्हाई," दत्तोबा घाईने म्हणाले. "दाजींचं काय चुकलं न्हाई."

"अहो, चुकलं माझं."

"न्हाई दाजी. असं बोलू नका."

प्रशांतने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "म्हंजे मामा, तुमचं बरुबर होतं. मग ट्रॅक्टर नालायक?"

"ट्रॅक्टर चांगला हाय."

"मग चूक कुनाची?"

दत्तोबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेवटी त्यांनी यंत्राच्या तोंडाकडे बोट केलं. "फांदीची."

हा माणूस जमीन घालवेल, पण जावयाची चूक काढणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. शालिनीच्या ते आधीच लक्षात आलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तसं तिने आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. मी वर गेलो आणि इतिवृत्ताची वही घेऊन आलो. "वाच," मी प्रशांतला म्हणालो.

फाटकात उभं राहून, जमलेल्या सगळ्यांसमोर, त्याने ते मोठ्याने वाचलं. माझंच अक्षर, माझीच सही. 'लहान यंत्र बारा हॉर्सपॉवरवर चालते. उद्घाटनाच्या दृष्टीने मोठे यंत्र श्रेयस्कर. चिटणीसांनी ट्रॅक्टरची शक्ती दोन्हीकडे अठरा असल्याची ग्वाही दिली.' इथे तो थांबला. "दोन्हीकडे?"

"हो."

"आत्याबाई, हे खरंच असं बोलले?"

"स्पीकरवर," शालिनी म्हणाली.

प्रशांत हसायला लागला. आधी नुसता, मग ट्रॅक्टरला टेकून, मग पाट्यांवर बसून. डोळे पुसत म्हणाला, "आबा, ह्यात आपल्या ट्रॅक्टरचा दोष न्हाई. पुढच्या आइतवारी तीन इंचीवालं मी स्वतः आणतो. तवा बघू."

पुढच्या रविवारी क्लच नवा होता, यंत्र लहान होतं आणि फलक, खुर्च्या, व्याही यांपैकी काहीही नव्हतं. करमरकर नाराज होऊन गॅलरीतून बघत होते. प्रशांत फांद्या घालत होता, दत्तोबा चालवत होते. तीन इंचांच्या वरच्या फांद्या त्यांनी आधीच कोयत्याने वेगळ्या करून सरपणाला लावल्या होत्या. मला काम दिलं होतं समोरच्या रसवंतीवर बसण्याचं. दुपारी दोनला सहा आठवड्यांचा ढीग संपला. समोरच्या सोसायटीचे चिटणीस येऊन दत्तोबांना विचारून गेले, आमच्याकडे कधी येता? प्रशांतने हे ऐकलं आणि बापाच्या हातातला कोयता आपल्या हातात घेतला. जमिनीचा विषय त्या दिवसापासून निघाला नाही.

आठवड्याने गावी जेवायला बोलावलं. मेथीच्या वाफ्यांशेजारी ताटं मांडली होती. मी ओशाळलेलाच होतो. म्हणालो, "दत्तोबा, आजवर तुम्ही माझा शब्द कधी खाली पडू दिला नाहीत. पण या वेळी तरी नको होता ऐकायला."

दत्तोबा खाली बघून भाकरी मोडत राहिले. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, वाढता वाढता म्हणाल्या, "आजवर कुठं ऐकलं हो, दाजी?"

"म्हणजे?"

"तुम्ही निलगिरी लावा म्हनला हुता. मग ससे पाळा म्हनला. मग त्या वर्षी कॉफी."

"बरोबर. तुम्ही हो म्हणालात."

"हो म्हनलो."

"मग?"

"मग मेथी लावली," वहिनी म्हणाल्या.

मी दत्तोबांकडे पाहिलं. ते संकोचून गेले होते. "तुम्ही घरी गेल्यावर लावायचो," ते हळूच म्हणाले. "ह्या खेपंला तुम्ही शेजारीच हुबं हुता."

शालिनी ताटात बघून जेवत होती. तिचे खांदे हलत होते.

परतताना मी बराच विचार केला. त्या दोन एकरांना तीस वर्षांत दोघांपासूनच धोका होता. एक बिल्डर, आणि दुसरा मी. त्यातल्या बिल्डरला निदान तोंडावर नाही म्हणता येत होतं.